आकाशवाटेचे सारथी

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावच्या बसस्थानकावर रोज एस. टी.च्या गाड्या येतात व जातात. कोणती गाडी यवतमाळला जाणार, कोणती धामणगावला जाणार आणि ती किती वाजता सुटणार, हे वेळापत्रकात आधीच ठरलेले असते. गाडीत दोन उतारू असोत की पन्नास असोत, वेळ झाली की ती सुटते. परंतु गावात एखाद्या घरी लग्न निघाले आणि वऱ्हाड दूर न्यावयाचे असले, म्हणजे यजमान निराळी गाडी भाड्याने ठरवतो. ती गाडी यजमान सांगेल त्या दिवशी व सांगेल त्या गावी जाते, मांडवापाशी थांबून राहते आणि वऱ्हाड परत निघाले की परत फिरते.

आकाशातही अशीच दोन प्रकारची वाहतूक चालते. काही विमाने वेळापत्रकाप्रमाणे उडतात. मुंबईहून नागपूरला किंवा दिल्लीला जाणारी मोठी प्रवासी विमाने या प्रकारची होत. दुसऱ्या प्रकारची विमाने संपूर्णपणे भाड्याने घेतली जातात. त्यांना चार्टर विमाने म्हणतात. अत्यवस्थ रोग्याला मोठ्या शहरातील रुग्णालयात न्यावयाचे असो, एखाद्या पुढाऱ्याला एका दिवसात तीन सभांना जावयाचे असो, कारखान्याचे बंद पडलेले यंत्र सुरू करण्यासाठी एखादा सुटा भाग तातडीने हवा असो, अशा वेळी या विमानांना बोलावणे येते. बाभुळगावच्या आकाशात रात्री तांबडा व हिरवा दिवा लुकलुकवीत जाणारे विमान पुष्कळांनी पाहिले असेल. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा आणि उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा दिवा असतो. त्या दोन दिव्यांच्या मध्ये बसून विमान हाकणारा माणूस कसे जीवन जगतो, हे जाणून घेण्यासारखे आहे.

विदर्भाचा आणि विमानांचा संबंध जुना आहे. भारताच्या नकाशावर मुंबई व कोलकाता यांना जोडणारी एक रेघ आणि दिल्ली व चेन्नई यांना जोडणारी दुसरी रेघ ओढली, तर त्या दोन्ही रेघा नागपूरच्या आसपास एकमेकींना छेदतात. या भौगोलिक योगाचा उपयोग करून १९४९ च्या जानेवारी महिन्यात भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, तेव्हाचे कलकत्ता आणि तेव्हाचे मद्रास या चारही शहरांतून रात्री एक एक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परत जाई. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र अशा रीतीने दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीस किंवा मद्रासेस पोचू लागले. मुंबईहून नागपूरकडे येणारी सरळ हवाई वाट बाभुळगावच्या आसपासच्या प्रदेशावरूनच जाते. गाव गाढ झोपलेले असताना त्या वाटेने देशाचे टपाल जात असे.

ही सेवा आरंभी खासगी कंपन्या चालवीत असत. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. पुढे जेट विमाने आली, दिवसाच्या फेऱ्या वाढल्या आणि नागपूरचा तो मध्यरात्रीचा मेळा इतिहासजमा झाला. परंतु त्या वैमानिकांचे काम किती कठीण होते, याची कल्पना आजही करता येते. सुरुवातीस वापरात असलेले डाकोटा विमान दोन एंजिनांचे होते. चारही शहरे नागपूरपासून सुमारे सातशे ते एक हजार किलोमीटर अंतरावर असल्यामुळे एका बाजूच्या प्रवासालाच तीन-चार तास लागत. विमानाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्यामुळे पावसाळी ढगांच्या वर जाऊन सुखाने निघून जाणे त्याला शक्य नसे. ढगांना वळसा घालून किंवा त्यांच्यातून वाट काढूनच जावे लागे. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेले असे एक विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात कोसळले आणि त्यातील सर्व प्रवासी प्राणास मुकले. तरीही ही सेवा पुढे चालू राहिली.

बोलावणे येताच निघावयाचे, या प्रकारची कामगिरी भारतीय वैमानिकांनी देशाच्या अडचणीच्या वेळीही बजावली आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी काश्मीरच्या रक्षणासाठी शीख पलटणीचे जवान दिल्लीहून श्रीनगरला विमानाने पाठविण्यात आले. त्या कामी हवाई दलाच्या विमानांबरोबर खासगी कंपन्यांची डाकोटा विमानेही सरकारने घेतली होती, आणि ती चालविणारे वैमानिक नागरी सेवेतील होते. पुढच्याच वर्षी युरोपात बर्लिन शहराच्या पश्चिम भागाचे रस्ते व रेल्वेमार्ग अडविण्यात आले, तेव्हा तेथील लोकांना अन्न व कोळसा विमानांनीच पुरविण्यात आला. त्यातही ब्रिटनमधील अनेक लहान कंपन्यांची भाड्याची विमाने खपत होती.

आजच्या महाराष्ट्रात चार्टर वैमानिकांचे काम पाहावयाचे, तर मुंबईच्या जुहू विमानतळाकडे जावे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपले लहानसे विमान येथेच उतरवते झाले. आता या विमानतळाचा उपयोग मुख्यतः हेलिकॉप्टरांसाठी होतो. अरबी समुद्रात मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय नावाचे तेलक्षेत्र आहे. समुद्रात उभारलेल्या लोखंडी फलाटांवर तेथे अभियंते व कामगार राहतात. त्यांना नेण्या-आणण्याचे काम जुहूहून निघणारी भाड्याची हेलिकॉप्टरे करतात. १९८५ मध्ये स्थापन झालेली पवनहंस ही कंपनी या कामासाठी प्रसिद्ध आहे. फलाटावरील उतरण्याची जागा लहान असते. सभोवार पाणी, वर वारा आणि पावसाळ्यात दृष्टीआड झालेले क्षितिज अशा स्थितीत वैमानिकाला आपले यान त्या चिंचोळ्या जागेवर अलगद टेकवावे लागते. गोव्यात थंडीच्या दिवसांत युरोपातून पर्यटकांना घेऊन येणारी मोठी चार्टर विमाने उतरतात. लहान असो वा मोठे, या प्रत्येक विमानाच्या सारथ्याचा दिनक्रम काही बाबतींत सारखाच असतो.

या दिनक्रमाचे पहिले लक्षण म्हणजे अनिश्चितता. कारकुनाला आपण उद्या किती वाजता कचेरीत जाणार, हे ठाऊक असते. चार्टर वैमानिकाला पुष्कळदा ते आदल्या दिवशी संध्याकाळी कळते, आणि कधी कधी तेवढीही सवड मिळत नाही. त्याची बॅग नेहमी भरलेली असते. तीत कपड्यांचे दोन जोड, परवाना, औषधे आणि विजेरी असते. पहाटे सहाला विमान निघावयाचे असेल, तर त्याला तीन-साडेतीनलाच उठावे लागते. दिवाळीचा फराळ, मुलांच्या शाळेतील स्नेहसंमेलन, घरातील मंगलकार्य यांपैकी काय वाट्याला येईल, हे तो आधी सांगू शकत नाही. त्याच्या कुटुंबालाही या जीवनाची सवय करून घ्यावी लागते.

विमानतळावर पोचताच त्याचे काम सुरू होते. प्रथम त्याच्या श्वासाची तपासणी होते. उड्डाणापूर्वीचे बारा तास वैमानिकाने मद्याला स्पर्शही करावयाचा नाही, असा भारतात नियम आहे. नंतर तो हवामानखात्याचे वृत्त वाचतो. निघण्याच्या ठिकाणी व पोचण्याच्या ठिकाणी वारा कोणत्या दिशेने वाहतो, किती अंतरावरचे दिसते, ढग किती उंचीवर आहेत, हे सर्व त्या वृत्तात दिलेले असते. धावपट्टीचा काही भाग दुरुस्तीसाठी बंद आहे काय, याचीही सूचना तो पाहतो. मग तो स्वतः विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालतो. चाकांतील हवा, पंखांवरील हलते भाग, तेलाची गळती, वेग मोजणाऱ्या नळीचे तोंड, सर्व काही तो डोळ्यांनी पाहतो. त्या बारीक नळीत एखाद्या किड्याने घर केले, तर विमानाचा वेग चुकीचा दिसू लागतो आणि त्यातून मोठा अनर्थ ओढवू शकतो. मोठ्या कंपनीत निरनिराळ्या कामांना निरनिराळी माणसे असतात. लहान चार्टर विमानावर मात्र वैमानिकालाच सामान नीट रचावे लागते, इंधन भरून घ्यावे लागते आणि प्रवाशांचे स्वागतही करावे लागते.

इंधन किती घ्यावे, हे ठरविणे हा एक मोठा हिशेब आहे. समजा, एका लहान विमानाला मुंबईहून यवतमाळच्या धावपट्टीवर यावयाचे आहे. हे अंतर सरळ रेषेत सुमारे पावणेसहाशे किलोमीटर आहे. ताशी साडेचारशे किलोमीटर वेगाने विमानाला सव्वा तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. पण तेवढ्याच वेळाचे इंधन घेऊन निघणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. यवतमाळला अचानक पाऊस आला आणि उतरता आले नाही, तर विमान नागपूरला नेता आले पाहिजे. त्यासाठी इंधन हवे. नागपूरच्या आकाशात दुसऱ्या विमानांमुळे घिरट्या घालाव्या लागल्या, तर त्यासाठी निदान अर्ध्या तासाचे इंधन हवे. शिवाय लहान धावपट्टीवर इंधन मिळेलच असे नाही. म्हणून परतीचाही विचार करावा लागतो.

मग टाक्या काठोकाठ भरून का निघू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर वैशाखातील विदर्भाच्या उन्हात सापडते. मे महिन्यात या भागातील तपमान कधी कधी ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. हवा तापली की ती प्रसरण पावते व विरळ होते. विमानाला वर उचलण्याचे काम पंखांवरून वाहणारी हवाच करते, आणि एंजिनही हवेच्याच साहाय्याने जोर निर्माण करते. हवा विरळ झाली की पंखांची उचल कमी होते आणि एंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे जे विमान थंडीच्या सकाळी थोडे अंतर धावून उडते, त्यालाच उन्हाळ्याच्या दुपारी पुष्कळ अधिक लांब धावावे लागते. धावपट्टी तर उन्हाळ्यात लांब होत नाही. तेव्हा वजन कमी करणे हाच उपाय उरतो. इंधन कमी करावे तर परतीची चिंता, सामान कमी करावे तर प्रवाशांची नाराजी. अशा वेळी वैमानिक कागदावर बेरीज-वजाबाकी करतो आणि एखाद्या प्रतिष्ठित प्रवाशालाही नम्रपणे सांगतो, की या दोन पेट्या येथेच ठेवाव्या लागतील. शाळेत शिकलेले गणित व भौतिकशास्त्र अशा वेळी माणसांचे प्राण राखते.

विमान उडाल्यावर बहुधा दोन वैमानिक शेजारी शेजारी बसून काम करतात. एक मुख्य वैमानिक असतो व दुसरा सहवैमानिक. कोणती कळ कधी फिरवावयाची याची यादी त्यांच्यापाशी असते. हजार वेळा केलेली कृती असली, तरी एकाने यादीतील बाब मोठ्याने वाचावयाची आणि दुसऱ्याने ती तपासून उत्तर द्यावयाचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. स्मरणशक्तीवर फाजील विश्वास ठेवू नये, हा धडा वैमानिकांच्या जगाने मोठी किंमत मोजून शिकला आहे. आणखीही एक धडा आहे. मुख्य वैमानिक वयाने व अनुभवाने मोठा असला, तरी त्याची चूक होत आहे असे दिसल्यास सहवैमानिकाने ती स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. तेथे गप्प राहणे हा आदर ठरत नाही. आणि ज्येष्ठाने ते ऐकून घेतले पाहिजे. त्यात त्याचा कमीपणा नसतो.

उतरल्यानंतर सुरू होते ते वाट पाहणे. प्रवासी सभेला किंवा कारखान्यात निघून जातात आणि वैमानिक सहा सहा, आठ आठ तास त्याच जागी थांबतात. कधी विश्रामगृह मिळते, कधी विमानतळावरील एखाद्या खोलीतील खुर्चीवरच भागवावे लागते. ते जवळचा डबा खातात, परतीच्या मार्गाचे हवामान पुनःपुन्हा पाहतात आणि घड्याळाकडे लक्ष ठेवतात. ज्या धावपट्टीवर रात्रीच्या दिव्यांची सोय नाही, तेथून सूर्यास्तापूर्वी निघालेच पाहिजे. प्रवाशांची सभा लांबली म्हणून सूर्य थांबत नाही. कित्येकदा प्रवाशांना सोडून विमान रिकामेच परत आणावे लागते किंवा रिकामे विमान घेऊन दुसऱ्या गावी त्यांना आणावयास जावे लागते. लोकांना वाटते, वैमानिकाचे जीवन म्हणजे नित्य भ्रमण व मौज. वस्तुतः तो अनेक शहरांत जातो, परंतु पुष्कळदा त्याला त्या शहरांचा विमानतळच तेवढा दिसतो.

या कामात विश्रांतीला फार महत्त्व आहे. थकलेल्या माणसाला आपण थकलो आहोत हे नीट उमगत नाही आणि त्याचे निर्णय चुकू लागतात. म्हणून वैमानिकाने दिवसात, आठवड्यात व वर्षात किती तास उड्डाण करावे याच्या मर्यादा कायद्याने घालून दिल्या आहेत. वर्षाची मर्यादा साधारणपणे एक हजार तासांची असते. दोन कामगिऱ्यांच्या मध्ये ठरावीक विश्रांती मिळालीच पाहिजे, असा दंडक आहे. इतर लोक झोपेला आळस म्हणत असतील. वैमानिकाच्या बाबतीत वेळेवर झोप घेणे हे कर्तव्यच आहे. याखेरीज त्याची शारीरिक तपासणी ठरावीक मुदतीने होते. तसेच जमिनीवरच्या कृत्रिम विमानात बसवून त्याची परीक्षाही घेतली जाते. एंजिन बंद पडणे, धूर होणे, दिशा न कळणे अशी संकटे तेथे मुद्दाम निर्माण करतात आणि तो काय करतो ते पाहतात. परवाना एकदा मिळाला म्हणजे जन्माची निश्चिंती झाली, असे येथे नसते. वैमानिक हा आयुष्यभर विद्यार्थीच असतो.

या वैमानिकाची खरी कसोटी लागते ती मात्र नकार देण्याच्या प्रसंगी. चार्टर विमानातील प्रवाशाने पुष्कळ पैसे मोजलेले असतात. त्याला घाई असते. बहुधा तो मोठा अधिकारी, उद्योगपती किंवा पुढारी असतो. आकाशात काळे ढग जमले असता तो म्हणतो, “जरा प्रयत्न करून पाहा, माझे काम अडले आहे.” अशा वेळी “आज जाता येणार नाही” हे चार शब्द उच्चारावयास मोठे धैर्य लागते. मालक रागावेल, गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाईल, कदाचित नोकरीवरही गदा येईल, हे सर्व त्याला दिसत असते. पण गडगडाटी ढगाच्या पोटात वर व खाली वाहणारे वायुप्रवाह इतके प्रचंड असतात, की लहान विमानाचा त्यापुढे पाड लागत नाही. ३० सप्टेंबर २००१ रोजी माजी केंद्रीय मंत्री माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरला एका सभेसाठी लहान विमानाने निघाले होते. हवा वादळी होती. वाटेत उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात ते विमान कोसळले आणि त्यातील आठही जण मृत्यू पावले. आकाशाला कोणाचे पद कळत नाही आणि कोणाची घाईही कळत नाही. ज्या दिवशी वैमानिक नकार देतो, त्या दिवशी वर्तमानपत्रात काहीच छापून येत नाही. सर्व जण आपापल्या घरी सुखरूप असतात, एवढेच घडते.

याच्या उलट, वेळ दवडून चालत नाही असेही प्रसंग येतात. मृत्यू पावलेल्या व्यक्तीचे हृदय दुसऱ्याच्या शरीरात बसवावयाचे असेल, तर ते सुमारे चार तासांच्या आत बसवावे लागते. एका शहरात एखाद्या शोकाकुल कुटुंबाने अवयवदानास संमती दिलेली असते आणि दुसऱ्या शहरात एक रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर वाट पाहत असतो. मधले शेकडो किलोमीटरांचे अंतर भाड्याचे लहान विमान तोडते. त्या विमानातील डॉक्टरांच्या हातात एक थंड पेटी असते. वैमानिक तिच्याकडे पाहत नाही. त्याचे लक्ष आपल्या यंत्रांकडे असते. घाई असतानाही एकही नियम न सोडणे हेच त्या वेळी त्याचे दयाकार्य असते.

वैमानिक होण्यासाठी मुलगाच असावे लागते, असे मुळीच नाही. प्रेम माथूर यांना १९४७ मध्ये हैदराबादच्या डेक्कन एअरवेज या कंपनीने वैमानिक म्हणून नेमले. १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली भारतातील एका प्रवासी विमानाचे सर्व काम प्रथमच केवळ स्त्रियांनी केले. आज स्त्री वैमानिकांचे प्रमाण जगातील बहुतेक देशांपेक्षा भारतात अधिक आहे. विदर्भातील मुलामुलींना या शिक्षणासाठी फार दूर पाहावयास नको. गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिकांना शिकविणारी संस्था आहे. व्यावसायिक परवाना मिळण्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, दोनशे तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो आणि मार्गदर्शन, हवामानशास्त्र, विमानविषयक कायदे यांच्या परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. या शिक्षणाला खर्च मोठा येतो, आणि परवाना मिळाल्यावर काम लगेच मिळतेच असेही नाही. तेव्हा गणवेशाच्या खांद्यावरील सोनेरी पट्ट्यांना भुलून या वाटेस जाऊ नये. गणिताची आवड, निरोगी शरीर, शांत चित्त आणि वर्षानुवर्षे शिकत राहण्याची तयारी ज्याच्यापाशी आहे, त्याने अवश्य जावे.

शेतकरी पेरणीपूर्वी आभाळाकडे पाहतो, नावाडी नाव सोडण्यापूर्वी नदीचे पाणी पाहतो. आभाळ आपल्या इच्छेप्रमाणे वागत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. म्हणून ते त्याचा अभ्यास करतात आणि वेळ पाहून पाऊल टाकतात. वैमानिकाची यंत्रे नवी असली, तरी त्याचे शहाणपण याच जातीचे आहे. आपल्या भरवशावर बसलेल्या माणसांना सुखरूप पोचविणे हे त्याचे पहिले काम, आणि लवकर पोचविणे हे दुसरे. हा क्रम जो कधीही उलटा होऊ देत नाही, तोच खरा आकाशवाटेचा सारथी.